पिवळा मीटर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मंचरच्या दुकानात वीज तपासायचा मल्टिमीटर घ्यायला गेलो, तेव्हा मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. पन्नाशीत कॉम्प्युटरची छोटी सर्किटं जोडायची हौस आली होती, एवढंच. सगळ्यात स्वस्त मीटर मी त्याचा पिवळा रंग बघून निवडला आणि जाणकारासारखा त्याचं बटण फिरवत उभा राहिलो.

शेजारी उभ्या असलेल्या बाईने पदराला हात पुसून तसाच दुसरा मीटर उचलला. "भाऊ, ह्यानं इहिरीवरच्या मोटारीची लाइन बघता यील का? आमच्या बोरी गावचा वायरमन नुसता चा पितो आन उद्या येतो म्हनतो."

दुकानदार फोनवर बोलत होता. 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बिनधास्त घ्या. कॉम्प्युटरच्या कामाला मी हाच वापरतो."

"तुमी कॉम्प्युटरवालं. तुमी म्हनताय म्हंजी झालं." लेकीची वेणी घालावी तशा तिने मीटरच्या दोन्ही वायरी नीट गुंडाळल्या आणि ती गेली.

घरी माहितीपत्रक वाचलं. हा मीटर बॅटरीवरच्या कामांसाठी आहे. थ्री-फेज, म्हणजे विहिरीवर असते तसल्या, मोटारीला लावल्यास जिवाला धोका.

बोरीला जाऊन विचारलं. नाव माहीत नव्हतं, म्हणून म्हणालो, "विहिरीवर मोटार असलेली बाई."

"राव, मोटार नसलेली कोन हाय हितं?" लोक हसले.

माझा मीटर अजून खोक्यातच आहे. तिला एवढं सांगायचं राहिलंय: बाई, मला काही माहीत नव्हतं, त्या मीटरने मोटार तपासू नका.