पायताण फेकणारे चौगुले सर

चौगुले सर उजव्या पायातलं पायताण काढायचे, डोळे मिटायचे आणि ते डोक्यावरून मागे भिरकावायचे. पडेल तिथे मुलांनी दोरीची चौकट ठेवायची आणि आतल्या झाडागवताच्या, किड्यांच्या जाती मोजायच्या. कसबा बावड्याच्या बांधावर मी हे पाहिलं आणि हसलो. सर म्हणाले, "हसू नका पावणं. डोळ्यानं जागा निवडली की मन लबाडी करतंय. हिरवं दिसंल तिकडंच चौकट पळती."

माणूस मला तिथंच आवडला. मी हमालीतून वर आलेला गुळाचा व्यापारी. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून आत बघितल्याशिवाय भाव बोलत नाही.

माझी सानिका त्यांच्या नववीच्या वर्गात होती. पावसाळाभर तिनेच बांध आणि ओढे तुडवले. तिने नुसतं 'गवत' म्हटलं की सर खवळायचे, "त्येला नाव हाय की! नावाबिगर कुणाला सोडायचं न्हाय."

हा मोजणीचा प्रकल्प जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला निवडला गेला आणि फलकावर नाव लागलं शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाचं. गवताच्या काडीला नाव देणाऱ्या माणसाने माझ्या पोरीचं नाव गाळलं. मी शाळेत जाऊन टेबलावर हात आपटला.

"वरनं सांगितलंय," सर खाली बघत म्हणाले. "पुढच्या वर्षी तिला पाठवतो की."

"पुढच्या वर्षीचा गूळ मी यंदा इकत घेत न्हाय, सर."

प्रदर्शनात परीक्षक बाई येईपर्यंत मी त्या फलकापाशीच थांबलो. मग गोड आवाजात नातवाला विचारलं, "बाळा, चौकटीची जागा कशी निवडलीस रं?"

"जिथं जास्त झाडं दिसली तिथं, काका."

बाईंचं लिहिणं थांबलं. प्रकल्प बाद झाला. मागे उभ्या सरांचा चेहरा मी पोटभर बघून घेतला. सानिका मात्र घरी रडली, "मोजलेलं माझंच होतं की, बाबा. ते बी गेलं."

गेल्या वर्षी सर हार्टअटॅकने गेले. सानिका त्यांच्या घरी जाऊन आली. मी पेढीवरून उठलो नाही.

"आता तरी सोडा," ती म्हणाली. "सर आपल्या घरी आलते, माझी माफी मागाय. तुमी बाजारात होतासा."

मला हे ठाऊक नव्हतं. हिशेबाची वही मिटली. मग म्हणालो, "नाव चारचौघांत गाळलं आणि माफी दार लावून मागितली. हा सौदा मला मान्य न्हाय."