शेवटासाठी आमच्या व्याह्यांना भेटा

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने मुलासाठी स्थळ बघताना पत्रिका, शेती, घराणं यांतलं काहीही बघितलं नाही तरी चालेल; होणारा व्याही पुस्तकं वाचत नाही ना, एवढं मात्र बघून घ्यावं. माझं तिथंच चुकलं. सांगलीच्या हळद पेठेत पाठीवर पोती वाहत मी सुरुवात केली आणि पुढे स्वतःची अडत उभी केली. मला वजनात कुणी गंडवलं नाही, भावात गंडवलं नाही. गंडवलं ते एका रिटायर सुभेदाराने, तेही माझ्याच पुस्तकात, आणि तो सुभेदार माझ्या सुनेचा बाप आहे.

हे गृहस्थ साताऱ्याकडचे. उभा जन्म फौजेत गेला आणि फौज काही त्यांच्यातून गेली नाही. माझ्या घरी आले की आधी उंबऱ्याबाहेरच्या चपला एका रांगेत लावतात, मग आत येतात. जेवून उठताना माझ्या सुनेला ‘मेस चांगली हाय’ असा शेरा देतात. मुलाच्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकांत जास्तीचं एक कडवं काढलं, तेव्हा यांनी घड्याळ बघितलं आणि असा काही ‘बास!’ ठोकला, की अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी घाबरून तो सोडूनच दिला. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, भटजी तोंड उघडं ठेवून उभे. त्या दिवशी मीही हसलो होतो. आपल्यावर वेळ येईल, असं कुणाला वाटतं?

बायको गेल्यानंतर दुपारच्या रिकाम्या वेळात पेढीवर बसून मी ती कादंबरी लिहिली. एका जन्मात कृष्णेच्या पुरात ताटातूट झालेलं जोडपं पुढच्या जन्मी एकमेकांना शोधत राहतं. ती माधवनगरला यंत्रमागवाल्याच्या घरात जन्माला येते, तो तासगावात द्राक्षांचा ट्रॅक्टर चालवतो. शेवटच्या पानावर तासगावच्या स्टँडवर दोघं समोरासमोर येतात, आणि ओळख न पटता आपापल्या गाडीत बसून निघून जातात. संपलं. गेलेलं माणूस परत भेटत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे तेच मी लिहिलं. त्या पानासाठी मी वर्षभर झुरलो.

व्याह्यांनी पुस्तक वाचलं आणि पुतण्याच्या लग्नात टोपी-टॉवेलाऐवजी हेच आहेर म्हणून वाटायचं ठरवलं. मला केवढा अभिमान वाटला. मग भाच्याचं लग्न, मग भावकीतली आणखी चार लग्नं. गठ्ठेच्या गठ्ठे साताऱ्याला गेले. आणि मग वाचकांचे फोन सुरू झाले. तासगावचा एक बेदाण्याचा व्यापारी फोनवर नाक ओढत म्हणाला, ‘शेवटी दोघांची गाठ घातलीसा, लय बरं केलंसा.’ मला वाटलं, याने दुसरंच काही वाचलं असेल. मग माधवनगरच्या एका रिटायर बाईंनी शेवटच्या नावेच्या प्रसंगाची तारीफ केली. माझ्या शेवटात नाव नाही. नावच काय, पाणीही नाही. एकाने तर त्या दोघांना झालेल्या जुळ्यांची नावं विचारली. मी फोन आपटला. पुढे सांगलीच्या एका वाचनालयात माझा कार्यक्रम झाला. मी शेवटचं पान वाचून दाखवलं आणि मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून सगळ्यांदेखत मला म्हणाला, ‘शेट, तुमास्नी पुढचं म्हाईत न्हाई वाटतं. आमाला सुभेदारांनी सांगितलंय.’ सभागृह हसलं. पुस्तकावर नाव माझं, घाम माझा, आणि हसंसुद्धा माझंच.

त्या म्हाताऱ्याच्या हातातली, आहेरात मिळालेली प्रत मी जवळजवळ हिसकावूनच घेतली. शेवटचं पान ब्लेडने कापलेलं, इतकं सफाईने, की शिवण जागची हललेली नाही. आणि कव्हराच्या आतल्या बाजूला निळ्या शाईचा रबरी शिक्का होता: ‘शेवटासाठी सुभेदारांना भेटा.’

मी तिथूनच फोन लावला. माझं पान कुठं गेलं, असं विचारलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘पाव्हणं, लगीनघरात नवरा-नवरीच्या हातात असलं पान कसं द्यायाचं? अपशकून न्हवं का? मी तोंडी सांगतो समद्यास्नी.’ यावर मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. हळदीत भेसळ करणाऱ्याला पेठेत उभं करत नाहीत, आणि इथं माझ्या गोष्टीत राजरोस भेसळ चालली होती, ती करणाऱ्याला लोक दुवा देत होते आणि मला अडाणी ठरवत होते. वकिलाची नोटीस देईन, सोयरीक गेली खड्ड्यात, असं म्हणत मी दुसऱ्या दिवशी सकाळची साताऱ्याची एसटी पकडली. काय काय बोलायचं ते वाटेत घोकत गेलो.

घराजवळ पोचलो तर बाहेरच त्यांचा परेडचा आवाज ऐकू आला. विहीणबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. ते मला ठाऊक होतं. सुभेदार रोज दुपारी त्यांना वाचून दाखवतात, हे ठाऊक नव्हतं. मी दारात उभा. ते माझी कादंबरी वाचत होते, आणि वाचता वाचता पान संपलं तरी थांबले नाहीत. कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत, तसल्याच ठणठणीत आवाजात, नावेचं पुढे सांगत राहिले.

विहीणबाईंना मी दिसलो. ‘या. गोष्टीचं मालकच आलं म्हणायचं,’ त्या म्हणाल्या. ‘आवं, खरं सांगा, ती दोघं भेटत्यात न्हवं? ह्यांचा मला भरवसा न्हाई. हे सुट्टीवर येतो म्हणायचं, आन् तार यायची, सुट्टी क्यान्सल. माझा जल्म त्यात गेला.’

मी पहिल्यांदाच सुभेदारांना खाली बघताना बघितलं. मी म्हटलं, भेटतात.

‘पर कवा? कितव्या जल्मी? ह्योच नवरा परत मिळणार असंल तर आदी सांगा, तयारीला लागते.’

आमच्या पेठेत जुन्या वळणाचे लोक भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. माझ्या पेढीवर बसून बसून सुभेदार ते शिकले होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं चाचपली. विहीणबाई छताकडे बघत वाट बघत होत्या. मी खरं बोलणार होतो. मुठीत बोटं मिटूनच धरली: कुठलाच जन्म नाही. त्यांनी माझी मूठ उघडली आणि एकच बोट धरलं. मी सोडवून घेऊन चार बोटांवर गेलो: चौथा जन्म. त्यांनी पुन्हा एकच धरलं. मी तीन केली, दोन केली. माझा माल होता, मला पडत्या भावात द्यायचा नव्हता. पण हा माणूस घासाघीस करतच नव्हता. एक बोट धरून बसला होता, सोडत नव्हता.

‘पुढच्याच,’ मी म्हटलं.

विहीणबाईंनी मान हलवली. ‘मग ह्यास्नी आत्ताच बजावून ठेवा. फौजेत न्हाई जायाचं.’

विहीणबाई त्या उन्हाळ्यात गेल्या. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली. शेवट मी बदलला नाही, बदलणारही नाही, आणि पान कापायच्या पायी व्याह्यांशी अजून कडाक्याचं भांडतो. ते मुकाट्याने ऐकून घेतात, चपला रांगेत लावतात. निघताना मात्र फाटकाशी थांबून, माझ्याकडे न बघता, हळूच विचारतात, ‘पाव्हणं, त्यो सौदा पक्का हाय न्हवं?’

आणि मी दर वेळी पक्का म्हणतो.