अक्रोडाखालची जागा

माझी भावजय व्हर्ना हिच्याइतकी हट्टी बाई अख्ख्या इंडियानात सापडायची नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय, पाठीमागे नाही. आठवडाभर ती शाळेची पिवळी बस चालवते. रेल्वेचं फाटक आलं की थांबणार, दार उघडून कानोसा घेणार, दोन्हीकडे बघणार, मगच पुढे सरकणार. पोरं म्हणतात, व्हर्नाच्या बसआधी गोगलगाय शाळेत पोचेल. आणि शनिवार उजाडला की हीच बाई आपल्या फिकट हिरव्या स्टेशन वॅगनमध्ये बसून मिल क्रीकच्या शर्यतीच्या सरळ पट्टीवर असा काही पाय दाबते की बाजूच्या शेतातला मका हलावा. आठवडाभर ब्रेकवर आवळून ठेवलेला पाय, तो शनिवारी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

पण आमच्या शर्यतीत नुसतं दाबून भागत नाही, तिथेच तर सगळी मेख आहे. इथे दिलेला शब्द पाळावा लागतो. आपली गाडी पट्टीच्या टोकाला किती सेकंदांत पोचेल, तो आकडा आपणच आधी काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने लिहायचा. एका वेळी दोन गाड्या धावतात; दोघांच्या आकड्यांत जितक्या सेकंदांचा फरक, तितके सेकंद आधी हळू गाडी सुटते, आणि रेषा आधी ओलांडेल तो जिंकला. म्हणून तर शववाहिकेसारखी दिसणारी आमची वॅगन भल्याभल्यांना पाणी पाजते. हिरव्या दिव्याआधी हललात की लाल दिवा लागतो आणि तुम्ही बाद. आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तरी बाद, कारण तुमचा आकडा खोटा निघाला. एकदा हरलं की गाडी ट्रेलरवर चढवायची आणि घरचा रस्ता धरायचा. त्यातून व्हर्नाच्या गटात सुटायला मदत करणारी कसलीही विजेवरची यंत्रं चालत नाहीत. आपले डोळे आणि आपला पाय, बस्स.

आकडा लिहायचा माझा धाकटा भाऊ एल्वुड, तिचा नवरा. हवा कशी आहे ते बघून, पट्टीवर तळवा टेकवून तो आकडा ठरवायचा, आणि गाडीत थोडा जोर मुद्दाम राखून ठेवायचा. रेषेजवळ आपण पुढे आहोत असं दिसलं की शेवटी व्हर्नाने पाय उचलायचा, म्हणजे आपला आकडा मोडत नाही, एवढंच तिच्याकडून मागणं. तेवढंच तिला जमायचं नाही. रेषा दिसली की बाईच्या अंगात यायचं. जिंकलेल्या शर्यती तिने निव्वळ लवकर पोचून घालवल्यात. एल्वुड नुसता म्हणायचा, ‘व्हर्ना, पाय.’ आणि मी कपाळावर हात मारायची.

आता अक्रोडाचं सांगते. गाड्या लावायच्या मैदानात झाड म्हणावं तर तेवढं एकच, बाकी सगळी खडी. जो मोसम जिंकेल, त्याची गाडी पुढचा मोसमभर त्या झाडाखाली, असा आमच्याकडचा जुना रिवाज. एल्वुड स्वतः चालवायचा तेव्हा शेवटच्या मोसमात त्याने ती जागा जिंकली होती. मग त्याचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी ऊन बंद म्हणून सांगितलं, आणि गाडी व्हर्नाकडे आली. तंबू ठोकून पाहिला, मोठी छत्री लावून पाहिली, पण खालची खडीच तव्यासारखी तापते. म्हणजे जागा गेली की उन्हाळाभर एल्वुड घरात, खिडकीशी. आणि कुणी दयेने देऊ केली असती तर त्याने घेतली नसती. तोही आमच्याच घरातला.

तर गेल्या ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. व्हर्ना आणि लमार टीग गुणांत अगदी शेजारीशेजारी. त्या दिवशी जो पुढे जाईल त्याचा मोसम. हा लमार गावात खाटकाचं दुकान चालवतो. गाडी विजेसारखी, जीभ सुरीसारखी. सकाळीच येऊन म्हणाला, “काकू, झाडाखालचा पाला तेवढा झाडून ठेवा. मला शिंका येतात.”

व्हर्ना म्हणाली, “झाडू घेऊन तूच ये.”

पहिल्याच फेरीत तिच्या समोरच्याने लाल दिवा लावून घेतला. दुसऱ्या फेरीतला तिच्या पुढे जायच्या घाईत आपल्या आकड्याच्या आत गेला आणि बाद झाला. फेरीमागून फेरी, ट्रेलर निघून चालले होते, मैदान रिकामं होत होतं. मी पर्सिमनच्या फळांचं पुडिंग करून आणलं होतं, एक घास उतरेल तर शपथ. उन्हं कलली आणि उरले दोघंच, व्हर्ना आणि लमार. एल्वुड घोंगडी पांघरून माझ्याशेजारी कठड्याला टेकून उभा होता. मी त्याचा हात धरला होता, आधार त्याला होता की मला, कोण जाणे.

दोन्ही गाड्या दिव्यांच्या खांबाशी आल्या. तिथे आधी एक छोटा दिवा लागतो, आणखी वीतभर पुढे सरकलं की दुसरा. दुसरा लागला म्हणजे समोरच्या मोठ्या बोर्डावर तुमचा जो आकडा दिसतोय तो तुम्ही मान्य केलात. तो चुकीचा असला तरी तुमचाच. लमारचा पहिला दिवा लागला. आणि माझी नजर बोर्डावर गेली. त्याच्या काचेवर होतं दहा-वीस, म्हणजे दहा पूर्णांक वीस सेकंद, आणि बोर्डावर अकरा-वीस! बोर्डावर आकडे चढवणाऱ्या वरच्या खोलीतल्या कुणीतरी आकडा चुकीचा दाबला होता. लमारची नजर खांबावरच खिळलेली. वीतभर सरकला की संपलं असतं. त्याची गाडी एक सेकंद लवकर पोचली असती आणि तो बाद. व्हर्नाने नुसतं गप्प बसायचं होतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू!

आणि ती गप्प बसेल तर व्हर्ना कसली. तिने गाडी जागीच रोखली. पहिला दिवासुद्धा लावला नाही. खिडकीतून हात बाहेर काढून बोर्डाकडे बोट दाखवत राहिली. गाड्या सोडणारा हॉलिस धावत आला, त्याने वर बघितलं, लमारला हातानेच थांबवलं. आकडा बदलला. मला इतका संताप आला की तिथे जाऊन तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. अगं बये, पुढ्यात वाढलेलं ताट लाथाडतेस!  एल्वुडने मात्र माझा हात जरा घट्ट धरला.

दिवे उतरत आले. व्हर्ना सुटली, स्वच्छ, हिरव्यावर. तिच्या आकड्यामुळे लमारला खांबाशी ताटकळत बसावं लागलं, आणि मग तो सुटला तो कान फाडत. अर्ध्या पट्टीपर्यंत आमची हिरवी म्हातारी एकटीच धावत होती. मग तो आला. आला, आला, अगदी दाराशी आला! एल्वुड पुटपुटत होता, “पाय, व्हर्ना, पाय.” आणि काय सांगू, वॅगनचे मागचे लाल दिवे लागले! तिने पाय उचलला, वर ब्रेकला नुसता टेकवला. लमारला ते दिसेपर्यंत तो भरधाव तिच्या पुढून रेषा ओलांडून गेला होता.

जिंकल्याचा दिवा व्हर्नाच्या बाजूला लागला. लमार आपल्या आकड्यापेक्षा केसभर लवकर पोचला होता, आणि व्हर्ना केसभर उशिरा. मी किंचाळले, नाचले, पुडिंग खडीवर सांडलं. एल्वुड लहान पोरासारखा रडत होता आणि म्हणत होता, उचलला, तिने उचलला.

ती परत आली तेव्हा मी तिला आधी मिठी मारली आणि मग फैलावर घेतलं. म्हटलं, “आणि हरली असतीस म्हणजे?”

ती हेल्मेट काढत म्हणाली, “हरले असते तर एल्वुड घरी बसला असता, नडीन. पण त्या चुकीच्या आकड्यावर जिंकून जागा मिळवली असती, तर तो तिथे बसलाच नसता.”

 एल्वुड कुठल्या मुशीतला आहे, हे त्याच्या बहिणीला कुणी सांगायला हवं होतं का!

यंदा मे महिन्यात पहिल्या शनिवारी आम्ही पोचलो, तर लमार आमच्या आधी हजर. अक्रोडाखालचा पाला झाडत होता, आणि शिंकत होता. व्हर्नाने वॅगन लावली, मी खुर्ची उघडून सावलीत ठेवली. एल्वुडने झाडाकडे एकदा वर बघितलं, बूटपॉलिशची बाटली मांडीवर घेतली आणि बसला.