एका ईमेलवर दोन खाती

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, कारण त्याची सुरुवातच माझ्या फजितीनं झाली. एका निरपराध तरुणाला मी अख्खी दुपार पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं.

तक्रारदार कसबा बावड्याचे शेतकरी. लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटवर त्यांनी मुलगा आणि मुलगी, दोघांचीही नावं नोंदवलेली. मुलीला मुरगूडचं चांगलं स्थळ आलं, जवळजवळ ठरलं आणि अचानक मोडलं. तिच्या खात्यावरून नवऱ्या मुलाला उत्तर गेलं होतं, ‘परत मेसेज केलास तर तंगडं मोडीन.’

“कुणीतरी खातं फोडलंय, साहेब,” वडील म्हणाले. सोबतचा थोरला भाऊ तर पेटलेलाच. “घावू दे की, सोडत न्हाय त्याला!”

संशय पूर्वी नकार मिळालेल्या एका तरुणावर. तोच तो बाकावरचा. चौकशीत म्हणाला, “साहेब, माझं लगीन कवाच झालंय. हितं बसवलंय म्हणून बायकोला तेवढं कळवू नका.” त्याला सोडून दिलं.

मग वेबसाइटच्या कार्यालयाकडून माहिती मागवली. उत्तर ज्या मोबाइलवरून गेलं तो नंबर वाचला आणि मी समोर बघितलं. नंबर भावाचा.

“हे तू लिहिलंस?”

“व्हय, पर माझ्या खात्यावरनं. कोण गडी मला लिवतोय, ‘रविवारी येतो, तुम्हाला भेटायची फार ओढ लागलीय’! मग काय ओवाळू त्याला?”

उलगडा साधा होता. वडिलांनी दोघांची खाती एकाच ईमेलवर उघडलेली, पासवर्डही एकच. युजरनेम तेवढी वेगळी. भाऊ आपलं युजरनेम विसरला आणि ईमेल टाकून आत शिरला. एका ईमेलला एकच खातं, असा नियम वेबसाइटनं ठेवलाच नव्हता. त्यामुळं आधी उघडलेलं खातं पुढं आलं, म्हणजे बहिणीचं. तिथं पाठवणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता नोंदणी क्रमांक. भावानं ठोकलं उत्तर.

वेबसाइटवाल्यांना लेखी कळवून तो नियम करायला लावला. भावानं माझ्यासमोरच मुरगूडला फोन लावला. “पावणं, ते मीच लिवलतं. बहिणीला कायबी ठावं न्हाय. माझं तंगडं मोडा, पर स्थळ मोडू नका.” पलीकडं हशा पिकला. बैठक पुन्हा ठरली.

आपण पोलीस आधी बाहेरचा शत्रू शोधतो. फिर्यादीशेजारी बसून सगळ्यांत मोठ्यानं ओरडणाऱ्याला दोन प्रश्न आधी विचारावेत, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

घरी हे सगळं रंगवून सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “बापाला विचारलंत, भावाला विचारलंत, त्या बाकावरच्यालाबी विचारलंत. अहो, पोरीला ते स्थळ पसंत हाय का, हे कुणी विचारलं?”