सायलेन्सरमधली काळी माती

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलींना नाही, देवासमोरसुद्धा कधी पुटपुटले नाही. आज तुम्हाला सांगते. का? ते मला विचारू नका. एवढं मात्र आधीच बजावते, मान खाली घालून सांगणं मला जमणार नाही. तो रविवार आठवला की अजून माझी छाती फुगते!

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं. अमरावतीहून अकोल्यापर्यंत स्वतः चाक धरून मोटार नेणारी मुलगी तेव्हा कोणी पाहिली होती? मूर्तिजापूरच्या हॉटेलात माणसं चहाची बशी तोंडाशी धरून तशीच थांबली. मागच्या सीटवर अप्पा, माझे वडील, घड्याळ बघत मिशीत हसत होते. गाडी अशी पळत होती म्हणता!

पण त्याच्या आधीचा एक रविवार होता.

अप्पा वकील. कोर्टाच्या कामाला दर आठवड्याला अकोल्याला जायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांचं गाडी चालवणं सुटलं. परका ड्रायव्हर त्यांना नको होता. घरात आम्ही दोघं — मी, बी.एस्सी. होऊन बघायला येणाऱ्यांसमोर बशा फिरवणारी, आणि धाकटा वसंता, मोटारीचा वेडा. अप्पांनी निकाल लावला : एक रविवार वसंताचा, एक ताईचा. गाडी जो नीट नेईल, चावी त्याची. वसंता जिंकला तर अप्पा त्याला मोटारीच्या शिक्षणाला मुंबईला पाठवणार होते. मी जिंकले तर — मी घराबाहेर पडणार होते. मला तेवढंच कळत होतं.

आणि वसंता माझ्याहून चांगला चालवायचा. हे तोंडाने म्हणायला मला किती वर्षं लागली बघा.

आमच्या गाडीचं काम गफूर मिस्त्री बघायचे. एकदा अप्पांना ते समजावून सांगत होते आणि मी दारात उभी होते. "वकीलसाहेब, इंजनाले बी दम लागते. जळेल धूर भाईर जाईन, तवाच नवा माल आत येईन. मांगून पाइप कोंडला तं गाडी हळू चालते बराबर, पन जोर मांगा — मंग बसली!" सायलेन्सर धुराला थोडं अडवतोच, म्हणाले, पण चांगला सायलेन्सर आवाज गिळतो आणि वाट मोकळी ठेवतो. अप्पा मान डोलावत होते. लक्षात मी ठेवलं.

चूल सारवायला शेतातली काळी माती घरात असायचीच. वसंताच्या रविवारच्या आधी, शुक्रवारी दुपारी सगळे आडवे झाले होते तेव्हा, मी ती भुसा घालून मळली. गाडीच्या मागच्या पाइपात, बाहेरून दिसू नये म्हणून वीतभर आत, दाबून दाबून भरली. करंगळी जाईल एवढं भोक ठेवलं, गाडी सुरू तरी व्हायला हवी होती ना! वऱ्हाडातली काळी माती ती, वाळली की दगड, भाजली की वीट.

बडनेऱ्यापर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. पुढे मोकळा रस्ता लागला, वसंताने वेग मागितला आणि गाडी धापा टाकायला लागली. जितका पाय दाबावा तितकी मरगळ. त्याने खालचा गिअर टाकला. मूर्तिजापूरच्या अलीकडे रेडिएटर उकळलं. बिचाऱ्याने पुढचं झाकण उघडून प्लग पुसले, पेट्रोलची नळी फुंकली. मागे कोण बघतो? भर उन्हात, घामाने निथळत तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काय होऊन राहिलं हे? मले समजूनच नाही राहिलं." मी मागे अप्पांच्या शेजारी बसले होते. त्याला पाण्याचा तांब्या मीच दिला.

अकोला गाठलंच नाही. अप्पा एवढंच बोलले, की याच्या हाताला यंत्राची समज नाही.

आठवड्यात मी सळईने माती फोडून काढली आणि पुढच्या रविवारी — ते तुम्हाला सांगितलंच. इंजिन मोकळं हसत होतं हो! झाली माझी चूक, पण तो रस्ता मी जिंकला होता, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, पोरवयातली लबाडी, सोडून द्या. थांबा. मी अजून मुद्द्यावर आलेलीच नाही.

परतताना मागून खडखड येत होती. गफूर मिस्त्रींनी सायलेन्सर काढून आमच्या ओट्यावर झटकला, तर भाजलेल्या मातीचे खडे पडले. "पोट्ट्याचा दोष नाही, वकीलसाहेब. पाइप बुजला होता." अप्पांनी वसंताकडे पाहिलं. म्हणाले, मग पुढच्या रविवारी तू पुन्हा ने. वसंताचा चेहरा असा उजळला —

आणि मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं. "अप्पा, बडनेऱ्याला तुम्ही पान घ्यायला उतरलात, तेव्हा यानंच गाडी वळवताना मागून बांधात घातली होती. मी पाहिलं."

वसंता माझ्याकडे बघत राहिला. त्याने आठवून पाहिलं, खरंच आठवून पाहिलं. त्याची ताई कशाला खोटं बोलेल?

"घातली असंन," तो म्हणाला. "ताई म्हणते तं घातली असंन."

चावी त्यानेच खुंटीवरून काढून माझ्या हातात ठेवली. मुंबई राहिली. तो कचेरीत कारकून झाला, जन्मभर सायकलवर फिरला आणि चाकाला पुन्हा कधी हात लावला नाही. लोकांना सांगायचा, आमच्या ताईसारखी गाडी कोणाले येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी अप्पांना घेऊन अकोल्याला निघाले. सबंध रस्ता गात होते. फाटक वसंताने उघडलं होतं.