चौथ्या नंबरचा पहिला भाग

पुस्तक लिहिताना कादंबरीत मावणार नाहीत असे किस्से फार जमतात. फेकवत नाहीत आणि छापताही येत नाहीत. मग असे गप्पांना बसलो की बाहेर पडतात!

मी मोताळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. शिकवता शिकवता मुलांसाठी भविष्यातली एक कादंबरी लिहिली. त्या जगात बियाणं सगळं एका मंडळाच्या ताब्यात, आणि परवानगीशिवाय कुणी दाणा पेरला तर शिक्षा! त्याविरुद्ध उभी राहते रेवा नावाची मुलगी. एकाचे तीन भाग झाले. चौथ्यात मला मागे जायचं होतं. रेवाच्या जन्माआधी, तिचा बाप दौलत याच्या काळात. हे सगळं कसं सुरू झालं ते सांगायला.

शबानाच्या डीटीपीच्या दुकानात आमचा रविवारचा अड्डा. ती माझी पानं टाइप करायची आणि गजूभाऊ ती आधी वाचायचे. गजूभाऊ कापूसवाले शेतकरी, पण वाचायला भेळेचा कागदही सोडत नाहीत.

मी बेत सांगितला तर म्हणाले, "तीन भाग झाल्यावर पयला? मॅडम, आपण आधी कापूस वेचतो आन मंग पेरतो का?"

शबाना म्हणाली, "प्रीक्वेल है भाऊ! पिक्चर में नहीं होता क्या?"

"मंग पिक्चरवाल्याइले बी इचारा!"

*

पहिलं प्रकरण मी मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं. शेतकरी दुकानासमोर रांगेत उभे आहेत, घरचं बी चालत नाही, दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. पाकिटावर हसऱ्या बोंडाचं चित्र. वाचून झालं आणि मी दाद मिळायची वाट बघत बसले.

गजूभाऊंनी चहा संपवला. "मॅडम, हे भविष्यातलं हाय?"

"हो."

"मी तं हे जूनमंधीच करून आलो!"

*

दहावीतली कार्तिकी माझी सगळ्यात कडक वाचक. तिनं वर्गाबाहेर गाठलं. "मॅडम, पयल्या भागात रेवाले बापच नाही. म्हणजे दौलत मरणारच हाय ना? मंग मी त्याले जीव कायले लावू?"

मी टाइप झालेली पानंच तिच्या हातात दिली.

दोन दिवसांनी माझ्याच तासाला ही मागच्या बाकावर, विज्ञानाच्या पुस्तकाआड तोंड घालून मुसमुसतेय. आड काय आहे ते मला कळलंच. पण वर्गासमोर विचारावं तर लागतंच.

"कार्तिकी, कोणता धडा?"

"प्रकाशाचं अपवर्तन, मॅडम."

"अपवर्तनानं कुणी रडतं का?"

"तुम्ही शिकवलं तं रडते, मॅडम!"

*

शेवटचं प्रकरण मात्र अडलं. मी लिहून दिलं, शबाना टाइप करेना. आधी म्हणाली लाइट नव्हती. मग म्हणाली प्रिंटर बिघडला.

"अगं, टाइप करायला प्रिंटर कशाला?"

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. दौलत सकाळी घरातून निघतो, तिथपर्यंत आणून तिनं सोडून दिलं होतं.

"मॅडम, आमच्या आळीतले दोघं असेच सकाळी शेतात गेले आणि फवारणीचं औषध प्याले. एकाची लग्नपत्रिका मीच छापली होती. मेरे हाथ से नहीं होगा. दुसरी टायपिस्ट पहा."

मी म्हटलं, "मी तरी काय करू? पहिल्या भागात छापून गेलंय."

तिनं कपाटातून पहिला भाग काढला, पान शोधलं आणि माझ्यासमोर आपटलं. "कुठं छापलंय? वाचा! 'दौलत शेतात गेला, तो परत आला नाही.' परत नाही आला. मेला कुठं लिहिलंय?"

मी ती ओळ कितीदा तरी वाचली. ती माझीच होती!

तिथंच स्टुलावर बसून शेवट नव्यानं लिहिला. दौलत मंडळापासून वाचवलेली सरकी धोतराच्या सोग्यात बांधतो आणि डोंगर ओलांडून निघून जातो. मी लिहीत होते आणि शबाना एकेक कागद ओढून टाइप करत होती. प्रिंटर एकदम ठणठणीत!

*

त्याच हंगामात बोंडअळी आली. बाहेरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत अळी. गजूभाऊंचं बोलणं कमी झालं. दोन रविवार ते अड्ड्यावर आलेच नाहीत. म्हणून नवा शेवट शबानानं त्यांच्या घरी पाठवून दिला.

एका दुपारी मी शबानाच्या दुकानात असताना सुनंदावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. "मॅडम, हे तुमच्याकडे हायेत का? सकाळपासून फोन बंद हाय. जेवाले बी नाही आले."

मी शबानाकडे पाहिलं. तिनं दुकानाचं शटर ओढलं. स्कूटीवर दोघी निघालो. 

आम्ही गजूभाऊंच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पोचलो तेव्हा दुसऱ्या बाजूनं वहिनी अनवाणी पळत येत होत्या.

गजूभाऊ निंबाखाली बसले होते. चष्मा नाकावर, मांडीवर कागद. आम्हाला पाहून त्यांनी नुसता हात वर केला. "थांबा, दोन पानं राह्यले!"

शबाना धुऱ्यावरच बसली. वहिनींना धाप लागली होती. "फोन काऊन बंद केला?"

"मधातच वाजते ना वं."

"आन घरी वाचता येत नोयतं?"

"घरी तू टीव्ही लावतं."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले. मग त्यांच्याशेजारी मांडी घालून बसल्या.

"वाचा आता मोठ्यानं. मले बी आयकू द्या."

गजूभाऊंनी चष्मा वर सरकवला. "इथून का पयल्यापासून?"

"पयल्यापासून," वहिनी म्हणाल्या. "मले कुठं घाई हाय!"