अशोकांच्या रांगेतली मोकळी जागा

साळवेभाऊ सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळी वाचत, आणि तेही उभ्याने. कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात ताणून ते पान असं उघडत की वाळत घातलेली चादरच वाटावी. वाचत मोठ्याने. निधनवार्ता, भाजीचे भाव, कोणाच्या तरी हरवलेल्या कागदपत्रांची जाहिरात, काहीही सोडत नसत. तुंगार्लीत राहायला आल्यावर मी रोज तलावाकडे फिरायला जाऊ लागले, तेव्हा वाटेवरच्या त्यांच्या फाटकातून हे दृश्य दिसे. त्यांच्या दोन्ही बाजूंना काठीएवढी बारीक झाडं ओळीने उभी होती. मला वाटलं, हा गृहस्थ झाडांना बातम्या वाचून दाखवतो आहे.

ईशा, तू परवा परदेशातून फोनवर या आजीकडे तक्रार केलीस की बाबाने बागेच्या कडेला लावलेली हॉर्नबीमची झाडं म्हणजे नुसत्या काड्या आहेत, शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलिन त्यांच्याआड कधी जाणार? तुझ्या भावाला, निनादला तर त्यांना पाणी घालायचाही कंटाळा येतो. तेव्हापासून मला साळवेभाऊ सारखे आठवताहेत. हॉर्नबीम इथे होत नाही, त्याला तुमच्याकडची थंडी लागते. पण तसंच अंग चोरून सरळ वर जाणारं झाड आपल्याकडेही आहे. अशोक. लाल फुलांचा खरा अशोक नव्हे. हा निमुळता, हिरवागार, फांद्या खाली सोडून उभा राहणारा. साळवेभाऊंची रांग त्या अशोकांची होती.

ओळख त्यांनीच करून घेतली. मी फाटकाशी जरा रेंगाळले, तशी पानाआडून हाक आली, "ताई, बाहेरनं रोज फुकट बातम्या ऐकताय. आत या की, चहा तरी घ्या!"

आत गेले तेव्हा ओसरीवर खुर्चीत बसलेल्या त्यांच्या पत्नी सुमनताई मला दिसल्या. बातम्या त्यांच्यासाठी चालल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि ओठाची एक कड खाली ओघळली होती. डाव्या हाताने त्या बशीतून चहा पीत होत्या. थोडा पदरावर सांडला. त्यांनी झटकन भिंतीकडे पाहिलं. भाऊंनी पान आणखी थोडं रुंद केलं.

भाऊ मूळचे परंदवडीचे. रेल्वेत इंजिन चालवायचे, पण गाडीच्या पुढचं नव्हे. कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला जी इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. भाऊंची बहुतेक नोकरी त्या बँकरवर झाली. "मागनं ढकलायचं काम आपलं," ते सांगत. "फुडच्या डायवरला लोक हात हलवत्यात. आमच्याकडं बघतंय कोन?" ही खंत नव्हती. कोणी बघत नाही याचं त्यांना बरंच वाटत असावं.

सुमनताईंचं मात्र बघणं आणि बघितलं जाणं यावर सगळं आयुष्य चाललं होतं. त्या मळवलीच्या. लग्नानंतर रोज संध्याकाळी ओसरीवर भाजी निवडत बसायच्या आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायच्या. झटक्यातून उठल्यावरही त्यांनी पहिली ओसरीच मागितली. पण तोवर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर व्हिला झाला होता. छातीएवढ्या भिंतीपलीकडे पोहण्याचा तलाव आणि त्याकाठी आरामखुर्च्या. दर शनिवार-रविवारी नवे पाहुणे. एकदा एका मुलीने फोन उंचावून फोटो काढला. मागच्या डोंगराचाच काढला असेल. सुमनताई बशी खाली ठेवून म्हणाल्या, "मला आत न्या." नंतर कितीतरी दिवस त्या बाहेर आल्या नाहीत. बोलणंही कमी झालं. डॉक्टर सांगत होते की त्यांना बसतं करा, बोलतं करा. आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

भाऊ व्हिलावर जाऊन भांडले. तिथला राखणदार म्हणाला, "आबा, पाव्हणं दर आठवड्याला बदलतंय. मी सांगू कुणाला?" मग त्यांनी भिंतीवर हिरवी जाळी ताणली, इमारतींना लावतात तसली. सुमनताईंनी ती खिडकीतून पाहिली आणि अडखळत विचारलं, "मी काय बांधकाम हाय का?" हे मला भाऊंनीच सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "लय दिवसांनी फटकारलं मला. बरं वाटलं बगा." जाळी त्याच दिवशी निघाली. झाडं चालतील, असं सुमनताई म्हणाल्या. भिंत आणि गटार यांच्यामध्ये वीतभर पट्टी होती, म्हणून अशोक.

पण झाडाला वेळ लागतो, आणि भाऊंना तो नव्हता. सुमनताईंना दुसरा झटका कधीही येऊ शकतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी रोपं एकमेकांना खेटून लावली. शेणखत इतकं घातलं की पानं लुसलुशीत होऊन पावसाळ्यात माना टाकू लागली. बांबूला सुतळीने अशी आवळली की सालीवर वळ उठले. मी दोऱ्या सैल करायला सांगितल्या. झाडाला वाऱ्यात थोडं हलू द्यावं लागतं, तरच बुंधा भरतो. त्यांनी ऐकलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणाची उंची किती वाढली ते पाहायला हजर. सुमनताई ओसरीवरून म्हणायच्या, "घाटात दम धरनारा मानूस. झाडाफुडं मात्र घायकुतीला आलाय."

"घाटात चाक घसरतं ना, म्हनून धरायचो," भाऊ म्हणायचे. "हितं कुटं काय घसरतंय?"

"तुमची अक्कल," सुमनताई म्हणायच्या.

झाडं वाढेपर्यंत काय करायचं, याचं उत्तर म्हणजे ते वर्तमानपत्र. मी एकदा त्यांना खुर्ची का घेत नाही म्हणून विचारलं. त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. ते हळूच म्हणाले, "बसलो तर डोकं भिंतीच्या खाली जातंय, ताई. मग उपेग काय? झाड हुईस्तवर झाडाचं काम कुनीतरी कराया पायजे का नगं?" सुमनताईंना हे कळू नये अशी त्यांची फार इच्छा होती. बातम्या वाचायला उजेड तिथेच चांगला पडतो, असं त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं.

हळूहळू रांग भरली. भाऊंनी शेंडा कापला नाही आणि खालच्या फांद्यांनाही हात लावू दिला नाही. त्या गेल्या की आडोसा गेला. दोन-तीन पावसाळ्यांत अशोक त्यांच्या डोक्यावर गेले आणि पानांमधून पलीकडचं फक्त निळं निळं चमकू लागलं. पण अगदी मधे, सुमनताईंच्या खुर्चीसमोरच, एक झाड जगेना. तिथे हातभर खाली कातळ होता. पावसात पाणी तुंबे आणि मुळं कुजत. भाऊंनी पहार घेऊन कातळाशी झुंज दिली, पन्हळीचं पाणी दुसरीकडे वळवलं, नवी रोपं आणली. प्रत्येक रोप दिवाळीपर्यंत वाळे. शेवटी त्यांनी नाद सोडला. आता पाहुणे सरकतील तसं त्यांना रांगभर फिरावं लागत नव्हतं. ते त्या फटीत उभे राहत. दोन्हीकडे अशोक आणि मधे भाऊ. लांबून पाहिलं तर रांग पूर्ण वाटायची.

सुमनताई पुन्हा चार वाक्यं सलग बोलू लागल्या, ती त्याच ओसरीवर. कधी निधनवार्तेतला माणूस ओळखीचा निघे, मग त्याच्या चार पिढ्यांची हजेरी होई. दुसरा झटका येईल म्हणून भाऊ धास्तावलेले होते. तो सुमनताईंना आलाच नाही. भाऊच गेले, गेल्या हिवाळ्यात, झोपेत. कोणालाही हाक न मारता.

दिवस-कार्याची त्यांच्याकडे पद्धत नाही. घरात बुद्धवंदना झाली, माणसं आली आणि गेली. त्यानंतर त्यांचा मुलगा सुनील, तळेगावजवळ कारखान्यात असतो तो, एका रविवारी टेम्पोत चांगला उंच वाढलेला अशोक घेऊन आला. कातळ फोडायचं यंत्रही भाड्याने आणलं होतं. "आई, आता ही फट कायमची बुजवतो," तो म्हणाला. मीही तिथेच होते आणि मला ते योग्यच वाटलं.

सुमनताई म्हणाल्या, "नगं."

"अगं, पलीकडून सगळं दिसतं. आता पप्पाही नाहीत."

"म्हनूनच नगं." त्या थांबल्या. मोठं वाक्य बोलायचं असलं की त्या असा श्वास गोळा करत. "तितं उजेड चांगला पडतोय म्हनायचे. मला काय कळत नव्हतं व्हय? एवढी वर्सं उभं ऱ्हायलं मानूस. ती जागा त्यांची हाय."

यंत्र तसंच परत गेलं. झाड सुनीलने फाटकाशी लावलं. दोऱ्या मी सैल बांधायला लावल्या.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा व्हिलात पाहुणे आले होते. सुमनताई ओसरीवर होत्या. मी खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं आणि मुकाट्याने त्या फटीत जाऊन उभी राहिले. पान उघडलं. मी बुटकी, माझ्याने कितीसं झाकलं जाणार?

"ताई," त्या म्हणाल्या, "तितं नगं. हितं बसा, माझ्याजवळ."

मी त्यांच्या शेजारी बसले. फटीतून उतरतं ऊन आलं होतं. पलीकडे पाण्याकाठी एक बाई कप हातात घेऊन उभी होती आणि सरळ आमच्याकडे बघत होती. सुमनताईंनी डाव्या हाताने बशी उचलली. चहा थोडा पदरावर सांडला. त्यांनी तो पुसला नाही.

"बगू दे," म्हणाल्या, आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा एक लांबलचक भुरका मारला.